तळं एकच म्हणणाऱ्या मॅडम

परभणी जिल्ह्यात आमच्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमनी वाकून पाहिली नाही अशी विहीर नाही. आणि असलीच तर ती त्या निवृत्त झाल्यावर खोदलेली असणार. माणसं परक्या गावात गेली की आधी देवळात जातात, नाहीतर पाहुण्याच्या घरी, नाहीतर हॉटेलात चहाला. मॅडम आधी विहिरीवर जायच्या. लग्नाचं आमंत्रण आलं की मुहूर्त कितीचा, पंगत कधी, हे त्या विचारायच्या नाहीत. "मांडव ज्या शेतात आहे तिथली विहीर बांधलेली की कच्ची?" एवढंच विचारायच्या. बांधलेली असेल तर आहेर पाठवून मोकळ्या. कच्ची असेल तर नवऱ्यासह हजर. जिंतूरकडच्या एका लग्नात अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि मॅडम सापडेनात. शोधता शोधता एका म्हाताऱ्या बाबांना त्या विहिरीच्या निम्म्या पायऱ्या उतरून, पदर खोचून, कपारीला धरून उभ्या असलेल्या दिसल्या. काठावर बसून हात जोडून ते म्हणाले, "बाई, वर या. संसारात व्हायचंच थोडंफार. मालक काय बोलले असतील तर आमी समजावून सांगताव त्यांना." मॅडमनी मान वर न करताच सांगितलं, "मालक जेवायला बसलेत. तुम्ही जरा बाजूला सरका, उजेड अडतोय."

मॅडम विहिरीत काय शोधायच्या हे समजायला मला वर्ष लागलं. इथं थोडक्यात सांगते. आपल्याकडे जमिनीखाली सगळा काळा पाषाण. तो एका दमात आलेला नाही. लाव्हाचा एक थर आला, थिजला, मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही. त्या मधल्या काळात खोलगट जागी पाणी साचलं, तळी झाली, तळ्यांत गाळ बसला, त्या गाळात गोगलगाई सुखानं नांदल्या. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळ्यावर झाकण पडलं. त्या गाळाचा आज हात-दीड हात जाडीचा, मऊ, पिवळसर हिरवट पट्टा तेवढा उरला आहे. भाकरीच्या चवडीत मधेच कुणी पिठल्याचा हात फिरवावा, तसा तो काळ्या दगडात दिसतो. मॅडमना असे दोन पट्टे सापडले होते. एक जिंतूरच्या बाजूला, रस्त्यासाठी फोडलेल्या टेकडीत, आणि दुसरा देवगाव फाट्याजवळच्या एका विहिरीत. मधे एसटीचा चांगला तासाभराचा रस्ता. तरी मॅडमचं म्हणणं होतं की हे दोन्ही पट्टे एकाच तळ्याचे. "इतकं मोठं तळं होतं इथं," असं म्हणून त्या दोन्ही हात पसरायच्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते लागायचे. हे तळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. पण मॅडमच्या बोलण्यात ते कायम 'परवा-परवापर्यंत' होतं. शेजारच्या काकूंनी एकदा "पूर्वी इथं पाण्याची तकलीफ नव्हती" म्हटलं, तेव्हा मॅडमनी इतक्या मनापासून मान हलवली की काकूंना वाटलं, बाई आपल्याच वयाच्या असाव्यात.

विद्यापीठातले एक मोठे प्राध्यापक होते, त्यांना हे मान्य नव्हतं. माणूस सज्जन, मॅडमशी आदरानं बोलणारा, पण प्रत्येक चर्चासत्रात चहाच्या वेळी हसत हसत म्हणायचा, "मॅडम, तळं एक नाही. डबकी दोन." मॅडमना कुणी खडूस म्हटलेलं चालायचं, वेडी म्हटलेलंही चालायचं. त्यांच्या तळ्याला डबकं म्हटलेलं मात्र लागायचं. त्या दिवशी त्या घरी जेवायच्या नाहीत.

डबकी दोन की तळं एक, हे ठरवायला त्यांनी जो मार्ग धरला होता तो धातूंचा. गाळात व्हॅनेडियम, निकेल, कोबाल्ट असले धातू नावाला असतात. खंडीभर गाळात चिमूटभर. पण तळ्याचं पाणी कधी खेळतं, कधी कोंडलेलं, जसजसं बदलत गेलं तसतसं हे धातू गाळात कमी-जास्त बसत गेले. म्हणजे पट्ट्याच्या तळापासून माथ्यापर्यंत बोटाबोटावर नमुने घेतले आणि प्रत्येकातला धातू मोजला, की एक चढउताराची रेघ मिळते. दोन ठिकाणच्या रेघा सारख्या चढल्या-उतरल्या तर पाणी एकच होतं. माझ्या आईला हे मॅडमनी एका वाक्यात समजावलं होतं. "तुमच्या गावच्या आणि जिंतूरच्या बायका जात्यावर एकच ओवी म्हणायला लागल्या, तर शब्द इकडेतिकडे होतील, पण चाल?" आई म्हणाली, "चाल कशी बदलंल वं?" "तेच," मॅडम म्हणाल्या, "मी चाल शोधतेय."

आता चिमूटभराच्याही चिमटीत असलेला धातू मोजायचा, तर नमुना घेताना बाहेरचा धातू लागता कामा नये. इथून मॅडमच्या खऱ्या विक्षिप्तपणाला सुरुवात व्हायची. लोखंडी हातोडी बंद. त्या बाभळीच्या लाकडाची खुंटी वापरायच्या. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी, संधिवातावरचं तांब्याचं कडं, सगळं उतरवायचं. काचेच्या बांगड्यासुद्धा नाहीत, कारण काचेच्या हिरव्या रंगातही धातू असतो. कपाळाला कुंकू नाही, कारण कुंकवाच्या लाल रंगाचा भरवसा नाही. आम्ही विद्यार्थी हे मुकाट्यानं करायचो. पण खुद्द मॅडम पांढऱ्या सुती साडीत, मोकळा गळा, मोकळे हात, मोकळं कपाळ अशा विहिरीवर उभ्या राहिल्या की गावातल्या बायकांचा जीव कळवळायचा. कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारायचीच, "कधी गेले वं?" मॅडम विचारात असल्या तर "परवा-परवा" म्हणून जायच्या, आणि मग त्या बायका पदराला डोळे पुसायच्या. यावर उपाय म्हणून त्यांनी नवऱ्याला बरोबर न्यायला सुरुवात केली. काका पोस्टातून निवृत्त झालेले, शांत, पानाचे शौकीन. त्यांचं काम एवढंच, की विहिरीपासून वीस पावलांवर निंबाखाली सगळ्यांना दिसतील असं बसायचं. कुणी विचारलं की मॅडम खुंटीनंच तिकडे बोट करायच्या, "ते काय, बसलेत." आम्ही उतरवलेले दागिने, घड्याळं, कडी सगळं काकांच्या मांडीवरच्या पिशवीत जायचं. एका गावात दोन बायका त्यांना सोनार समजून जोडवी झाळायला घेऊन आल्या. काकांनी त्यांना बसवलं, पान दिलं, जोडवी न्याहाळली आणि म्हणाले, "बाई, मी दागिने दुरुस्त करत नाही. मी फक्त जिवंत असल्याचं दाखवायला येतो."

मी त्यांची विद्यार्थिनी झाले ती माझ्या गुणांमुळे नव्हे, विहिरीमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला गाव विचारलं. मी "देवगाव फाट्याजवळ" म्हणताच त्यांचा खडू हातातच राहिला. "विहीर आहे?" "आहे." "कच्ची?" "हो, मॅडम." त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं, आणि पुढची पाच वर्षं मी तिथंच होते. त्यांचा दुसरा पट्टा सापडला तो आमच्याच विहिरीत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तेव्हा त्यांच्याच घरी राहिले. त्यांच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी गाळाच्या बरण्या असायच्या, आणि झाकणं सारखी. एकदा काकांनी पाहुण्यांच्या ताटात लोणचं म्हणून जिंतूरचा गाळ वाढला. पाहुणे संकोची, त्यांनी खाल्लं. मॅडमना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अहो, तो माथ्याचा नमुना होता," त्या कळवळून म्हणाल्या. इंग्रजीच्या भीतीनं मी कॉलेज सोडायला निघाले होते, तेव्हा त्यांनी रोज संध्याकाळी घरापुढच्या ओट्यावर बसवून एक पान माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. चुकले की रागावायच्या नाहीत, म्हणायच्या, "परत वाच, घाई नाही. तळं कुठं पळून जात नाहीये." आज मी वर्गात उभी राहून जे चार शब्द बोलते, त्यातला प्रत्येक शब्द त्या ओट्यावर बसून शिकलेला आहे.

तर, आमच्या विहिरीतले नमुने आम्ही घेतले, दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले, आणि काही महिन्यांनी निकाल आला. मॅडमनी तो उघडला आणि खुर्चीत बसल्या. जिंतूरची रेघ एकीकडे आणि आमची दुसरीकडे. काही जुळत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे आमच्या गाळात शिसं आणि क्रोमियम इतकं निघालं होतं की पट्ट्याचा सगळा मधला भागच विस्कटला होता. प्राध्यापकांना बातमी कळली. त्यांचा फोन आला. बोलणं हळुवार होतं, आणि तेच जास्त लागलं. ते म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला थोडे महिने राहिलेत. दोन डबकी म्हणूनही लेख चांगला होईल." मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. काका ताट घेऊन दारात उभे राहिले तेव्हा म्हणाल्या, "अहो, खडक खोटं बोलत नाही. मग कोण बोललं?" आणि त्याच आठवड्यात घरून बाबांचा फोन आला, की विहिरीची दरड ढासळायलीय, मिस्त्री ठरवलाय, सोमवारपासून आतून सिमेंटचं बांधकाम. म्हणजे पट्टा कायमचा भिंतीमागं जाणार. देवगाव फाट्याच्या बाजूला तो दुसऱ्या कुठल्याच विहिरीत दिसत नव्हता. मॅडमचं तळं खरं ठरायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मॅडम, काका आणि मी गावी उतरलो. मॅडम थेट ओसरीवर बसल्या आणि त्यांनी घरातल्या एकेकाची झडती घेतली. बाबांना विचारलं, विहिरीत फवारणीचं औषध पडलं का? मोटारीला रंग दिला का? जुनी बॅटरी टाकली का? बाबा प्रत्येक प्रश्नाला "बिलकुल न्हाई, म्याडम" म्हणत होते आणि गुन्हेगारासारखे घामाघूम झाले होते. शेवटी मॅडम आईकडे वळल्या. "आम्ही गाळ काढायला येण्याआधी त्या पट्ट्याला कुणी हात लावला होता का?"

"हात कोन लावील?" आई म्हणाली. "पूजा तेवढी केली."

काकांनी पान चावायचं थांबवून आईकडे पाहिलं.

"कसली पूजा?" मॅडमनी विचारलं.

"तुमीच सांगितलंव की, आधीच्या खेपेला. ही पट्टी तुमच्या शेतातली सगळ्यांत जुनी, देवळातल्या देवापेक्षा जुनी हाय म्हणून. मग? देवापेक्षा जुनं, आन् तसंच खुंटी मारायची त्याला? आमी न्हाई तसली मानसं. सकाळच्या पारी पायऱ्या उतरून गेले, हळदीचे पट्टे वढले, कुकू लावलं, नारळ फोडला. आन् तुमाला स्वच्छ लागतं म्हणून दोन कळशा पानी वतून धुवून बी काढलं. दाग राहू दिला न्हाई."

दाग दिसलाही नव्हता. गाळ मुळात पिवळसर, त्यात हळद कुणाला दिसणार? वरची दोन बोटं माती आम्ही खरवडून टाकली होती. पण आईच्या दोन कळशांनी ती हळद भेगाभेगांतून पार आत नेऊन पोचवली होती, आणि जाता जाता गाळातले धातूही इकडचे तिकडे केले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वर्षांचं अन्न, शिकवण, माया, आणि मॅडमच्या आयुष्यभराच्या कामावर माझ्याच घरची हळद. मॅडम उठल्या. आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आईही आता घाबरली होती. "काय चुकलं का वं म्याडम?" आणि मॅडम हसायला लागल्या. खांबाला धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, साडेसहा कोटी वर्षांत त्या बिचाऱ्या गाळाला कुणी हळद लावली नव्हती! तुम्ही पहिल्या!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "ती हळद कुठली? घरची?"

"छ्या, घरची खायाला. ही पूजेची, बाजारातली सुटी. रंग लय झ्याक हाय तिचा."

"रंग झ्याक असणारच," मॅडम म्हणाल्या. सुट्या हळदीला पिवळाधमक करायला जी पूड मिसळतात तिच्यात शिसं आणि क्रोमियम जोडीनं असतात. त्यांनी चिमूटभर हळद कागदात बांधून घेतली. पुढं ती प्रयोगशाळेतून तपासून आली तेव्हा शिसं आणि क्रोमियम तंतोतंत निघालं. आयुष्यभर दोन थरांचा संबंध जोडायला निघालेल्या मॅडमनी पहिला बिनतोड संबंध जोडला तो आमच्या विहिरीचा आणि आईच्या हळदीच्या डबीचा. आईला त्यांनी ती हळद उकिरड्यावर टाकायला लावली आणि पूजेलाही घरचीच वापरा असं बजावलं. देवाला शिसं चालतं की नाही माहीत नाही, पण ती पूड तुमच्या बोटाला लागते, असं त्या म्हणाल्या.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी मॅडमनी बाबांना एवढंच विचारलं, "सोमवारचा मिस्त्री दोन दिवस थांबेल का?" बाबा म्हणाले, "म्याडम, मिस्त्री थांबंल, त्याचा बाप बी थांबंल. तुमी फिकीर करू नका." आणि ते स्वतः मोटार लावून पाणी उपसायला गेले. पट्टा आता पृष्ठभागावरून नव्हे, हातभर आत कोरून काढायचा होता, जिथं हळदीचं पाणी पोचलं नसेल. लाकडी खुंटीनं हातभर आत कोरणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मॅडमचे गुडघे दुखत होते, तरी खालचे नमुने त्यांनीच घेतले. वरचे मी घेतले. काठावर शेजारच्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. आई तिथं पहाऱ्याला उभी. कुणी कुतूहलानं पायरीवर पाय ठेवला की ती ओरडायची, "ए, बांगड्या घालून खाली जायाचं न्हाई! कुकू पुसून ये आधी!" "कुकू पुसू? काय बाई बोलायलीस तू!" "मग वरून बघ. शास्त्राचं काम हाय ते." सोवळं कसं पाळायचं हे आईला कुणी शिकवायची गरज नव्हती, नियम तेवढे नवीन होते. काका निंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मॅडम शेवटचा नमुना घेऊन वर आल्या, चिखलानं माखलेल्या, आणि काकांनी त्यांच्यापुढं डबा उघडला. मॅडम दोन भाकरी जेवल्या.

निकाल आला तो मॅडमच्या निवृत्तीच्या थोडं आधी. कॉलेजात त्यांच्या निरोपाचं म्हणून चर्चासत्र ठेवलं होतं. प्राध्यापक अध्यक्ष होते. मॅडमनी हट्टानं माझ्या आईबाबांना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी भाषण असं केलंच नाही. एका पारदर्शक कागदावर जिंतूरची रेघ काढली होती, दुसऱ्यावर आमच्या विहिरीची. पहिला कागद दिव्यासमोर धरला. भिंतीवर व्हॅनेडियमची रेघ उमटली, चढलेली, उतरलेली, मधे एक टोक, मग सपाट. मग दुसरा कागद हळूच सरकवत त्यावर आणला. दोन रेघा भिंतीवर एकमेकींकडे सरकल्या, जरा थरथरल्या आणि एक झाल्या. मग निकेलची. मग कोबाल्टची. तिन्ही वेळा तेच. आणि पहिल्या रांगेतून माझी आई शेजारच्या प्राचार्यांना मोठ्यानं म्हणाली, "चाल एकच हाय की वं!"

सगळे हसले. प्राध्यापक हसले नाहीत. ते उठून भिंतीजवळ गेले, चष्मा काढून, पुसून, परत लावून दोन्ही रेघांवरून बोट फिरवत गेले. दोन्ही ठिकाणच्या उंचीतल्या फरकाचा एक अवघड प्रश्न त्यांनी विचारला. लाव्हाच्या वजनानं तळ्याचा एक काठ कसा दबला, हे मॅडमनी शांतपणे सांगितलं. प्राध्यापकांनी आणखी एक विचारला. त्याचंही उत्तर मिळालं. मग ते श्रोत्यांकडे वळले आणि म्हणाले, "मॅडम, डबकी मी मागं घेतो. तळं एकच आहे." टाळ्या इतका वेळ चालल्या की मॅडमना कळेना हातांचं काय करावं, शेवटी त्याही टाळ्या वाजवायला लागल्या, बहुधा तळ्यासाठी. बाबांनी शेतातून गोणीभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. त्या त्यांनी व्यासपीठावर नेऊन ठेवल्या, आणि प्राध्यापकांसकट सगळ्यांनी त्या तिथंच उभ्यानं फोडून खाल्ल्या.

आमची विहीर आता आतून गुळगुळीत सिमेंटची आहे. पट्टा भिंतीमागं गेला. जिंतूरकडच्या टेकडीतला पट्टाही रस्ता रुंद करताना दगडी बांधानं झाकला गेला. मॅडम आणि काका लांब, मुलीच्या गावी राहतात. मला जिंतूरच्या कॉलेजात नोकरी मिळाली. रोज सकाळी देवगाव फाट्यावरून एसटी धरते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन, कापूस, मधेच एखादं देऊळ, शाळेला निघालेली पोरं. आणि या सगळ्याखाली एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरलेलं तळं, ज्याच्यावरून आपली गाडी चालली आहे हे गाडीतल्या कुणालाच माहीत नसतं. कधी कधी कंडक्टरला सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

गाडी निम्म्या वाटेवर आली की बऱ्याचदा मॅडमचा फोन येतो. आवाज आता जरा कापरा झालाय. माझ्या नोकरीची, आईच्या गुडघ्यांची चौकशी होते. मग त्या विचारतात, "कुठवर आलीस? आत आलीस का?"

"हो मॅडम," मी खिडकीबाहेर कापसाकडे पाहत म्हणते, "बरोबर मध्यावर आहे."

"पाणी कसं आहे गं आज?"

"शांत आहे," मी सांगते.